औटकी आणि अ‍ॅप

साठी उलटली की माणसाच्या बोलण्यातून आधी विशेषनामं गळू लागतात. क्रियापदं इमानाने साथ देतात, सर्वनामं तर भलतीच बळावतात. ‘अगं तो, त्या हिचा, तिकडे राहायचा तो’ एवढ्या भांडवलावर आमचं दोघांचं घर दिवसभराचा व्यवहार चालवतं आणि नवल म्हणजे त्यातला ‘तो’ समोरच्याला बिनचूक कळतो. परगावी राहणाऱ्या लेकीला मात्र आमचं हे सर्वनामांचं राज्य सुरक्षित वाटेना. पूर्वी लेकरांची काळजी मनीऑर्डरने यायची, हल्ली ती अ‍ॅपने येते. तिने माझ्या फोनवर मेंदूच्या व्यायामाचं अ‍ॅप टाकून दिलं.

त्यात पाच पक्ष्यांचा थवा क्षणभर चमकून जातो. मधल्याचं तोंड कुठे होतं तेवढं सांगायचं. बाकीचे चौघे आपल्याला चकवायला भलतीकडे बघत असतात. (एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही.) मग रंगीत आगगाड्या सुटतात, सांधे बदलत त्यांना आपापल्या स्टेशनात पोचवायचं. जमलं की पडद्यावर चांदण्या उधळतात. इतकं कौतुक मला शाळेत कधी लाभलं नव्हतं.

शाळेत आणि घरी होता तो परवचा. दिवेलागण झाली की हातपाय धुऊन भिंतीशी ओळीने बसायचं आणि पावकी, निमकीपासून अडीचकी, औटकीपर्यंत चढत जायचं. साडेतीनचा पाढा म्हणताना डोळ्यांवर झापड येई, अंगणातल्या जाईचा वास येई आणि आजोबांचा हात मांडीवर ताल धरून असे. याने म्हातारपणी मेंदू तल्लख राहील असं आजोबा कधी म्हणाले नाहीत. वाण्याने फसवू नये, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. आजही पाव किलो, दीड किलोचा हिशेब मी झोपेतही करीन, चष्मा मात्र सापडत नाही.

शास्त्रज्ञांनीही याहून फार वेगळं सांगितलेलं नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या साहाय्याने ११,४३० प्रौढांना सहा आठवडे असे खेळ दिले. २०१० साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला: माणसं त्या त्या खेळांत तरबेज झाली, इतरत्र फरक दिसला नाही. ‘ल्युमॉसिटी’ या अशाच अ‍ॅपच्या कंपनीने तर वयाबरोबर येणारा विसराळूपणा रोखण्याची जाहिरात केली होती. पुरावा पुरेसा नाही म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला धरलं आणि २०१६ मध्ये २० लाख डॉलरवर प्रकरण मिटलं. पासष्टीपुढच्या २,८३२ जणांवरचा ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा अमेरिकी अभ्यास जरा दिलासा देतो. तर्काची आणि चपळाईची शिकवणी घेतलेल्यांना दहा वर्षांनंतरही त्या त्या चाचणीत फायदा दिसत होता. स्मरणशक्तीच्या शिकवणीचा परिणाम मात्र तोवर ओसरला होता. विसरायचं ते बरोबर तेच विसरलं गेलं.

माझं म्हणणं एवढंच, की अ‍ॅप प्रत्येकाची परीक्षा एकेकट्याला बसवून घेतं आणि आमची आठवण दोघांत मिळून आहे. चेहरा माझ्याकडे असतो, नाव हिच्याकडे. कोणाच्या लग्नात जिलबी बिघडली हे ही सांगते, ते लग्न कोणत्या गावी झालं ते मी. पानशेतचं धरण फुटलं त्या १९६१ च्या पुराची गोष्ट सांगताना आम्ही एकमेकांची वाक्यं अशी पुरी करतो, की कोण किती लहान होतं आणि कोणी काय पाहिलं होतं हे आता आम्हालाही वेगळं काढता येत नाही. या खेळाचे गुण कोणी देत नाही. हिच्यावाचून मला परीक्षेला बसवलं, तर मी निम्माच पास होईन.

तेव्हा अ‍ॅप खुशाल खेळा, पक्षी छान आहेत. औषध समजून त्याला वर्षाची वर्गणी तेवढी भरू नका. आणि घरातलं कोणी ‘तो, त्या हिचा’ म्हणून अडलं, तर फोनमध्ये शोधायला धावू नका. जरा थांबा, नाव येतंच आहे.