खोक्याचं सुतक

जीव लावायला समोर जीव असावाच लागतो, हा आपला भाबडा समज. २००७ साली व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘पोर्टल’ या गेमने तो पार मोडीत काढला. त्यात एका टप्प्यावर खेळणाऱ्याच्या ताब्यात एक करडं, जडशीळ खोकं येतं. ते बोलत नाही, रुसत नाही. गेम तयार होत असताना चाचणीला बसलेली मंडळी ते खुशाल मागे टाकून पुढे जाऊ लागली, म्हणून कंपनीने त्याच्या अंगावर गुलाबी बदाम रंगवले. झालं! कालची अडगळ आज काळजाचा तुकडा झाली.

मग या तुकड्यावर पाय देऊन वर चढायचं, ऊर्जेचे गोळे आले की त्यालाच पुढे करायचं. थोडक्यात, घरातल्या कर्त्या माणसासारखं वागवायचं. शेवटी फर्मान सुटतं : आता याला भट्टीत टाका. टाकल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. लोक हळहळले, त्याला वाचवायच्या वाटा शोधू लागले. आणि नाइलाज म्हणत टाकून मोकळे झाले. वर गेममधली यंत्रबाई सुनावते, की इतक्या झटपट आजवर कुणीच टाकलं नव्हतं! हे ती येणाऱ्या प्रत्येकालाच ऐकवते, आणि प्रत्येकाच्या ते जिव्हारी लागतं.

कंपनीलाही या दुःखाची कदर होती. तिने त्याच खोक्याची मऊमऊ कापडी आवृत्ती विकायला काढली. खून गिऱ्हाइकाच्या हातून करवायचा आणि सांत्वनाचे पैसेही त्याच्याकडूनच घ्यायचे, याला म्हणतात धंदा.