गंज तिथे काका

शनिवारी सकाळी सात वाजता न्यू जर्सीतल्या एखाद्या गल्लीत, परक्या घराच्या बंद गॅरेजसमोर गाडी लावून थर्मासमधला चहा पिणारा मराठी गृहस्थ दिसला, तर पोलिसांना फोन करू नये. ते काका आहेत. 'आठच्या आधी येऊ नये' असं गॅरेज सेलच्या जाहिरातीत बजावलेलं असतं. काका आलेले नसतातच, नुसते गाडीत बसलेले असतात.

ठाण्यात असताना काकांनी भिंतीत खिळासुद्धा स्वतः ठोकला नव्हता. सगळी नोकरी कॉम्प्युटरसमोर गेली. निवृत्तीनंतर त्यांच्या हाती कुठून तरी एक गंजका रंधा लागला आणि काकूंच्या शब्दांत सांगायचं तर 'बेसमेंट गेलं'.

गॅरेजचं दार वर गेलं की काका हत्यारांकडे ढुंकूनही बघत नाहीत. आधी नाताळच्या दिव्यांची खोकी उघडतात, मग लहान मुलांच्या सायकलची घंटी वाजवून बघतात आणि निघता निघता विचारतात, "गंजलेली हत्यारं वगैरे आहेत का काही?" 'अँटिक' म्हटलं की मालक फोनवर किमती शोधायला लागतो. 'गंजलेली' म्हटलं की तो बिचारा ओशाळतो आणि आजोबांची पेटी बाहेर आणून ठेवतो.

पेटीत बहुतेक वेळा स्टॅन्लीचा चार नंबरचा रंधा निघतो. कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनच्या या कंपनीने 1869 साली लेनर्ड बेलीचा रंध्यांचा धंदा विकत घेतला आणि पुढे इतके रंधे ओतले की ते अजून संपत नाहीत. एक नंबरची गोष्ट वेगळी. तो जेमतेम साडेपाच इंचांचा, कामाला जवळजवळ निरुपयोगी, म्हणून अर्थातच हजार डॉलरच्या पुढे. काका एक नंबर शोधायला निघतात आणि चार नंबर घेऊन परततात.

"आणखी एक?" काकू विचारतात.

"अगं, हा वेगळा आहे."

"नंबर कितवा?"

"चार."

वेगळेपण पत्रिकेत असतं. पातं ज्या तिरक्या लोखंडी तुकड्यावर टेकतं, त्याच्या मागे पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात. 1902च्या दोन आणि 1910ची एक अशा तिन्ही दिसल्या, की तो 'टाइप 11', म्हणजे साधारण 1910 ते 1918 मधला. ही वर्गवारी कंपनीची नव्हे, संग्राहकांनी मागाहून मांडलेली. पण काका ती जन्मवेळेइतक्या निष्ठेने पाळतात. पात्यावर बदामाचा छाप असेल तर ते पातं 1920 नंतरचं. कंपनीचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या आठवणीसाठी तो बदाम आला. टाइप 11च्या अंगात बदामाचं पातं निघालं की काकांचा चेहरा पडतो. स्थळ चांगलं, पण पत्रिका जुळत नाही.

आणि मग आधीच्या मालकाचा उद्धार सुरू होतो. काकांचं खरं सुख इथे आहे, असं आमचं मत. "बघ, पातं निळं पडलंय. ग्राइंडरवर जाळलंन मेल्याने, पाणी गेलं पोलादाचं. आणि ही पटाशी! हिने रंगाचे डबे उघडत होता." मुठीवर कोरलेल्या आद्याक्षरांवरून 'आमचा जे. डब्ल्यू.' असा त्याचा उल्लेख होतो. शेजारच्या घरात कोण राहतं ते काकांना अजून नीट माहीत नाही.

बेसमेंटमध्ये प्लास्टिकची बादली, पाणी, धुण्याचा सोडा आणि गाडीचा बॅटरी चार्जर. ऋण टोक रंध्याला, धन टोक भंगार लोखंडाला. बुडबुडे येतात, गंज सुटतो. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून जानेवारीतही खिडकी उघडी. काकूंना आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांची धास्ती होती. पण धन टोकाला स्टेनलेस लावलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं, त्यामुळे डबे वाचले. शास्त्रामुळे हं, प्रेमामुळे नव्हे.

नंतर काचेवर सँडपेपर चिकटवून रंध्याचा तळ घासायचा, पातं परजायचं आणि धार हातावरच्या केसांवर तपासायची. परिणामी काकांचा डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत. मंडळाच्या गणेशोत्सवात अशा दोन हातांनी परस्परांना ओळखलं आणि आरती होईपर्यंत वाद रंगला: जुन्या करवतीच्या पाठीवर टोकाशी जो एवढासा दात असतो, तो कशासाठी? फिलाडेल्फियाच्या डिस्टन कंपनीने स्वतःच छापून ठेवलंय की त्याचा काही उपयोग नाही, ती नुसती शोभा आहे. ते दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनाही पटलेलं नव्हतं.

या हत्यारांनी काकांनी बनवलं काय, तर कागदाहून पातळ ढलप्या, आणि हत्यारं ठेवायला एक फळी.

यंदा ऑगस्टमध्ये 127 नंबरच्या हायवेवर जायचं ठरलंय. 1987 पासून तिथे रस्त्याच्या कडेने सेल लागतो. आता तो मिशिगनपासून अलाबामापर्यंत 690 मैल पसरलाय. काकू चटकन तयार झाल्या, याचं काकांना नवल वाटलं. वाटायला नको होतं. मागच्याच शनिवारी काका दिव्यांची खोकी उघडण्यात गुंतले असताना काकूंनी परस्पर एक रंधा उचलला, मूठ तडकलेली दाखवली, 'लोखंडच आहे हो नुसतं' म्हणत मान हलवली आणि पाच डॉलरचा दोन डॉलरला आणला.

काकांनी गाडीत बसल्यावर पातं काढून मागे बघितलं. तिन्ही तारखा होत्या.

"बरा आहे," ते म्हणाले.