माल एकच, पुडकं येगळं

केदारखेड्यात नुसतं 'दाजी' म्हटलं की पुढचं नाव कुणी विचारत नाही. गावाला जावई पुष्कळ आहेत, पण ते अधिकमासात येतात, धोंडे खातात, कपडे घेतात आणि जातात. हे दाजी सासऱ्याची पूर्णाकाठची जमीन बघायला म्हणून आले ते राहिलेच. तेव्हापासून ते सगळ्या गावाचे दाजी आणि त्यांची बायको सगळ्या गावाची आक्का. सख्खी नातसुद्धा त्यांना दाजीच म्हणते. कुणी आजोबा म्हणून हाक मारली तर दाजी मागे वळून बघतात, कोण आलं म्हणून.

दाजींनी आयुष्यात एकच सिद्धांत मांडला आणि तो चार शब्दांत बसतो: "माल एकच, पुडकं येगळं."

असा माणूस गावोगाव असतो. मेडिकलच्या दुकानात तो 'सॉल्ट एकच असतं हो' म्हणतो. मोबाईलच्या दुकानात 'सगळं चायनाचंच' म्हणतो. आमच्या दाजींचं क्षेत्र मात्र किराणा. साबण असो, चहा असो, हळद असो, त्यांच्या मते जगात एकच मोठी मशीन आहे. तिच्या एका तोंडातून माल पडतो आणि खाली चार पोरं चार कंपन्यांची पुडकी धरून उभी असतात. ज्याच्या पुडक्यात पडला त्याचा झाला. हे दाजी इतक्या तपशिलानं सांगतात की त्या चार पोरांपैकी एक आपल्या नात्यातलं असावं असं वाटायला लागतं.

याचं मूळ जालन्यात आहे. लग्नाआधी दाजींनी एक हंगाम तिथल्या डाळमिलवर हमाली केली. तिथं त्यांनी एकाच ढिगातली तूरडाळ वेगवेगळ्या मार्क्यांच्या कट्ट्यांत भरताना पाहिली. माणसाला एकदा असं काही दिसलं की तो पुढं बघायचं थांबवतो. दाजींनी त्या एका ढिगावर अख्खी दुनिया उभी केली.

महिन्याचा किराणा भरायला दाजी स्वतः जातात. यादी आक्काची, पण निवड त्यांची, असा त्यांचा समज आहे. दुकान रस्त्यालगत, भोकरदन-जालना गाड्या समोरून जातात. शेठ दाजींना बघताच गल्ल्यावरून उठतात आणि पोत्यांच्या बाजूला येऊन उभे राहतात. उठले नाहीत तरी उठावंच लागणार असतं. दाजी शर्टाची बाही कोपराच्या वर सारतात, तूरडाळीच्या पोत्यात हात घालतात आणि तळ लागेपर्यंत घालतच राहतात. शेठनी एकदा विचारलं, "दाजी, वरची बी तीच हाये ना?" दाजी म्हणाले, "वरचा थर म्हंजे बोहल्यावरचा नवरदेव. त्याला पाहून कोन पोरगी देतं का?" स्वतः घरजावई असलेल्या माणसानं हे म्हणावं, याचं दुकानातल्या सगळ्यांना कौतुक वाटलं.

तळातून आणलेली मूठ ते तळहातावर पसरतात. फुंकर मारतात. भुसा किती उडाला ते बघतात. मग एक दाणा उचलून डाव्या दाढेखाली धरतात. दुकानात शांतता होते. कट् असा आवाज आला तर डाळ कोरडी. आवाज न येता दाणा दबला तर शेठनं काय काय ऐकावं लागेल ते शेठलाच ठाऊक. त्यानंतर भाव, मग गेल्या महिन्याचा भाव, मग यंदा आपल्या तुरीला काय मिळाला तो भाव, आणि या तीन भावांमधलं अंतर कुणाच्या खिशात गेलं याची चौकशी. अर्ध्या किलो डाळीला पाऊण तास लागतो. चहा शेठचा.

पाकिटापुढं यातलं काहीच चालत नाही. पाकीट फोडता येत नाही, वास घेता येत नाही, त्याच्याशी घासाघीस करता येत नाही. किंमत आधीच छापलेली. दाजींचा कंपन्यांवरचा खरा राग हा असावा, असं मला वाटतं. महाग असतं हे खरंच, पण त्याहून मोठा गुन्हा म्हणजे ते तोंड शिवून आलेलं असतं.

म्हणून दाजी पाकीट उलटं करतात. समोरच्या बाजूला, हसणाऱ्या बाईकडं वगैरे, ते बघतही नाहीत. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचतात. पाकीटबंद मालाबद्दलच्या 2011 च्या नियमांप्रमाणं बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत, तक्रारीचा फोन, सगळं पाकिटावर छापावं लागतं. शिवाय खाण्याच्या वस्तूवर तो 14 आकडी परवाना क्रमांक. केदारखेड्यात हे सगळं वाचणारा एकच माणूस आहे. त्यात 'उत्पादक' आणि 'विक्री' असे दोन वेगळे पत्ते सापडले की दाजींचा चेहरा उजळतो. "पाह्य. बनवणारा येगळा, मिरवणारा येगळा."

आता यात खोटं काही नाही. कित्येक नावाजलेल्या कंपन्या आपला माल दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेतात, आणि मोठमोठी दुकानं स्वतःच्या नावाची पाकिटं काढतात तेव्हा त्यांचाही कारखाना बहुधा दुसऱ्याचाच असतो. दाजी बोलतात त्यातलं निम्मं बरोबर असतं, म्हणूनच तर पंचाईत. पूर्ण चुकीच्या माणसाला गप्प करणं सोपं असतं.

गोड्या तेलाच्या पिशवीनं दाजींची गावात पत वाढली. एक दिवस त्यांनी एक लिटरची पिशवी उचलून शेठच्या काट्यावर ठेवली आणि चार गिऱ्हाइकांना जवळ बोलावलं. काटा किलोच्या अलीकडंच थांबला. "मारलं का नाही नव्वद ग्राम?" शेठ बिचारे पिशवीवरची ओळ दाखवत राहिले. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटर भरलं तरी वजन 910 ग्रॅमच्या आसपासच भरतं, आणि तसं तिच्यावर छापलेलंही होतं. पण छापलेलं खरं निघालं की गंमत जाते. गावात तेव्हापासून तेल घेताना 'किलो का लिटर?' असं विचारायची पद्धत पडली. हे श्रेय दाजींचंच.

त्यांना खरी साथ दिली ती केंद्र सरकारनं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा ब्रँडच्या नावाखाली पाकिटात विकल्या जाणाऱ्या डाळ-तांदूळ-पिठावर 5 टक्के कर बसला आणि बिनानावाचा माल सुटला. मग काही व्यापाऱ्यांनी ब्रँडवरचा हक्कच सोडून दिला. तेव्हा 18 जुलै 2022 पासून सरकारनं नियम फिरवला: ब्रँड असो नसो, 25 किलोपर्यंतचं बांधलेलं, छापलेलं पुडकं असेल तर कर, पोत्यातून सुट्टं मोजून दिलं तर माफ. यावर बाजारात 26 आणि 30 किलोच्या गोण्या दिसू लागल्या. शेठनं ही हकीकत सांगितली त्या दिवशी दाजी भाकर खायला घरी गेले नाहीत. पारावर, सलूनमध्ये, दूध डेअरीवर, जिथं चार माणसं दिसतील तिथं सांगत सुटले, "सरकारनं लिहून देलं. कर मालाला नाही, पुडक्याला!"

पुढं सरकारनं स्वतःचीच पुडकी काढली. 2022 च्या दिवाळीत राज्याचा 'आनंदाचा शिधा' आला, 100 रुपयांत रवा, हरभऱ्याची डाळ, साखर आणि पामतेल. 2023 च्या नोव्हेंबरात केंद्राचा 'भारत आटा', साडेसत्तावीस रुपये किलोचा. दाजींनी शिधा घेतला, पिशवीवरचे फोटो मोजले आणि म्हणाले, "रव्यापेक्षा मान्सं जास्त हायेत." एवढंच. सरकारशी ते फार वाद घालत नाहीत. बांधाची मोजणी बाकी आहे.

लेक संभाजीनगरला दिली आहे. मागच्या खेपेला जावयानं सासऱ्याला मोठ्या मॉलमध्ये नेलं. अशा दुकानांत आता दुकानाच्याच नावाची डाळ, दुकानाचेच काजू, दुकानाचंच फिनेल असं सगळं मिळतं. दाजींना यातलं काही कुणी सांगितलेलं नव्हतं. ते आत गेले आणि गोंधळले, कारण पोतंच कुठं नव्हतं. हात कशात घालायचा? शेठ कोण? भाव कुणाला विचारायचा? पंधरा मिनिटं त्यांनी नुसती गाडी ढकलली. मग शेवयांच्या फळीपाशी थांबले, चष्मा काढला, एक नावाजलेलं पाकीट उचललं, शेजारचं दुकानाचं स्वतःचं उचललं, दोन्ही उलटी केली.

दोन्हींवर बनवणाऱ्याचा पत्ता एकच. प्लॉट नंबरसकट.

माणसानं तीस वर्षं एखादी गोष्ट बोलत राहावी आणि एक दिवस ती छापील हातात यावी, हे सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं. दाजींनी तिथंच आरोळी ठोकली. "अहो ताई, इकडं या. अहो साहेब, जरा हे पाह्या." लोक आधी बिचकले, मग चार-दोन जण खरंच जमले. गणवेशातला एक पोरगा धावत आला, काही सांडलंय का म्हणून. दाजींनी त्यालाही पत्ता वाचायला लावला. जावई लोणच्यांच्या फळीआड जाऊन उभा राहिला.

पंचवीस रुपयांचा फरक होता. लेकीनं विचारलं, "मग दादा, कोणतं घ्यायचं?" तिची सासूही सोबत होती. दाजींनी दोन्ही पाकिटं पुन्हा एकदा पाहिली, विहिणीकडं पाहिलं, आणि भारीतलं गाडीत टाकलं. "मालच एक हाये म्हनल्यावर," ते म्हणाले, "मंग हलकं काहून घ्यायचं?"

या सिद्धांतातून दाजींनी एकच गोष्ट वगळली आहे. सरकी. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली जालन्यात महिको काढली तेव्हापासून आमचा जिल्हा बियाण्यांचा, आणि इथल्या माणसाला बियाण्याचं नाव नातेवाइकाच्या नावासारखं पाठ असतं. बीटी कापसाच्या पाकिटाचा कमाल दर केंद्र सरकार ठरवतं. 2025 च्या हंगामात बीजी-2 चा 901 रुपये होता, कंपनी कोणतीही असो. म्हणजे इथं तरी महाग-स्वस्तचा प्रश्न नको. पण जूनच्या तोंडावर दाजी भोकरदनला कृषी केंद्राच्या रांगेत सकाळपासून उभे, आणि हवंय ते एकच वाण, जे कुठंच शिल्लक नाही. दुकानदार दुसरं पुढं करतो. दाजी त्याला हात लावत नाहीत. रांगेतला एक पोरगा म्हणाला, "दाजी, घेऊन टाका की. माल एकच असतो ना?"

दाजींनी त्याच्याकडं असं पाहिलं की पोरगा रांगेत दोन नंबर मागं सरकला. "हे खायचं नाही, लेका. हे पेरायचं हाये."

आणि ते बरोबर होतं. वाणावाणांत फरक असतोच. फक्त तेच वाण का हवं, तर गेल्या साली शेजारच्या वावरात त्याची बोंडं मोठी दिसली होती. पाकीट उलटं करून वाचायची आठवण त्या दिवशी झाली नाही.

आता चहाचं सांगतो. हे दाजींच्या कानावर जाऊ नये एवढी विनंती आहे.

दाजींच्या घरी सुट्टाच चहा येतो, असं दाजी समजतात. प्रत्यक्षात आक्का गेली कैक वर्षं कंपनीचा पुडा आणते. शेठच्या दुकानात ती दुपारी जाते, दाजी वावरात असताना. पुडा घरी आला की डब्यात रिकामा होतो आणि वेष्टन चुलीत जातं. वहीत शेठ 'चहा' एवढंच लिहितात. संध्याकाळी दाजी ओसरीवर बसून बशीत चहा ओततात, एक भुरका मारतात आणि आल्यागेल्याला विचारतात, "हाये का कोन्या कंपनीत ही चव?" आलागेला खरं तेच सांगतो: चव फक्कड आहे.

झालं असं की ओसरीवर चहा पिऊन गेलेली माणसं दुकानात येऊन 'दाजींच्या घरचा चहा द्या' म्हणायला लागली. शेठपुढं धर्मसंकट. खरं सांगावं तर आक्काचं बिंग फुटतं. कंपनीचा पुडा द्यावा तर लोक घेत नाहीत, कारण दाजी सुट्टा पितात हे सगळ्यांना ठाऊक. शेवटी शेठनं पोत्यातली सुट्टी चहाभुकटी पावकिलोच्या पन्नीत बांधली आणि मार्करनं वर 'दाजी चहा' लिहिलं. लोकांनी नेला, उकळला, प्याले आणि सांगत आले: अगदी तीच चव!

म्हणजे दाजींच्या सिद्धांताची अख्ख्या जिल्ह्यात एकदाच रीतसर परीक्षा झाली, त्यात तो पहिल्या नंबरानं पास झाला, आणि हे त्यांना सांगायची सोय नाही. मी आक्काला म्हटलंही, आता सुट्टाच आणत जा की, पैसे वाचतील. ती म्हणाली, "मला फरक कळतो ना, भाऊ."

पन्नीवरचं नाव दाजींना दिसायचंच होतं, ते राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या दिवशी निघताना दिसलं. बस यायला वेळ होता म्हणून दुकानात डोकावले. पुडी हातात घेतली. सवयीनं उलटी केली. मागं काहीच नाही.

"शेठ, पत्ता कुठं हाये? वजन? महिना? भाव?"

शेठ म्हणाले, "दाजी, ते छापायला गेलो तर परवाना आला, पाकीट आलं, सगळंच आलं. कशाला? चाललंय ते बरं हाये."

दुकानातली माणसं वाट बघत उभी राहिली. आता चौकात आरोळी होणार, कायदा निघणार. दाजींनी पुडी सुलटी केली आणि बराच वेळ नावाकडं बघत राहिले. शेठनं घाईत 'दाजि' लिहिलं होतं, ऱ्हस्व. दाजींनी शेठच्या कानावरचा मार्कर काढून घेतला, पायरीवर बसले आणि टोपलीतल्या एकेका पुडीवर वेलांटी दुरुस्त करायला लागले. समोरून राजूरची बस गेली.

"दाजी, तुमची गाडी!" कुणीतरी ओरडलं.

"जाऊ दे," दाजी म्हणाले. "अजून दोन टोपल्या हायेत."