एका गाडीचे मालक

सांगलीच्या मार्केट यार्डापासून कराड-साताऱ्यापर्यंत, हमरस्त्याकडेच्या कुठल्याही टपरीवर हे मालक भेटतात. ट्रक एकच, तोही कर्जावरचा. पण कार्डावर ग्रामदैवताच्या नावाने ट्रान्सपोर्ट आणि खाली ‘ऑल इंडिया’. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालतं. आपण त्यांना आबा म्हणू.

आबांचा गाडीवर जीव. कपाळाला देव, पाठीला दोन्ही पोरांची नावं, बंपरला लिंबू-मिरची आणि हॉर्न असा, की खंबाटकीत वाजवला तर वाईच्या म्हशींनी दूध चोरावं. या कशालाही आबा पैसे मोजून बघत नाहीत. हात आखडतो तो फक्त ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बर्थवर. तिथली गादी गाडीबरोबर आली की गाडीच्या आधीपासूनच होती, याबद्दल गावात दोन मतं आहेत. कापूस दोन्ही कडांना पळालेला, मधे नुसती खोळ, आणि ते झाकायला माणदेशातलं घोंगडं.

“मालक, फळी लागतीया पाठीला,” ड्रायव्हर सांगतो.

“मग बरंच की! गाढ झोपलास तर डिझेल कोण राखणार?”

यावर ड्रायव्हरजवळ उत्तर नसतं, कारण डिझेल खरंच चोरीला जातं. २०२५ पर्यंत मोटार परिवहन कामगार कायदा होता, १९६१ चा. त्यात दिवसाला साधारण आठ तास काम आणि मधे विश्रांती असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तो कायदा आणि आबा जवळजवळ एकाच वयाचे, पण दोघांची गाठ काही पडली नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला सरकारने एसी सक्तीचा केला, तेव्हा आबांनी आपली गाडी जुनी असल्याबद्दल पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

तरी गादी बदलते. दया येऊन नव्हे. हल्ली ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून. “त्या तासगावच्या गाडीला फोम हाय,” एवढं एक वाक्य ड्रायव्हरने हवेत सोडलं, की दुसऱ्या दिवशी आबा गादी कारखान्यात हजर. कारखाना म्हणजे एक चाचा, एक शिलाई मशीन, एक दाभण आणि छताला टेकलेला कापूस.

आबा माप आणतात ते वितीत. चाचा विचारतात, “वीत कुणाची?” शिवाय बर्थ काही पलंगासारखा चौकोनी नसतो. एका टोकाला निमुळता, एक कोपरा कापलेला, मधेच पत्र्याचा उंचवटा. मग चाचांच्या हुकमावरून वर्तमानपत्रं चिकटवून बर्थवर अंथरायची आणि कडेकडेने कापून नमुना काढायचा. या कामाला आबांचा अर्धा दिवस जातो, कारण पसरलेल्या कागदांत निधनवार्ता असतात आणि त्यातले निम्मे लोक ओळखीचे निघतात.

पुढचा प्रश्न कापूस की फोम. कापूस किलोवर, त्यामुळे तिथे आबांना घासाघीस येते. फोमचं वजन ‘डेन्सिटी’त सांगतात. चाचा म्हणाले, चाळीस घ्या, लवकर बसणार नाही. आबांना वाटलं, हा भाव आहे. “छत्तीसला द्या, नेहमीचं गिऱ्हाईक आहे.”

चाचा पुढे अक्कल शिकवतात. अख्खी गादी स्टिअरिंगला वळसा घालून आत जाणार नाही, दोन तुकडे करा. पण जोड कमरेखाली नको, गुडघ्याखाली येऊ द्या. आणि फळीला चार भोकं पाडा, नाहीतर घामाची ओल खाली साठून पावसाळ्यात बुरशी धरेल. तुकड्यांना आबा तयार होतात. भोकांना मात्र नाही. ज्या गाडीला आजवर ओरखडा येऊ दिला नाही तिला पैसे देऊन भोकं पाडायची?

गादी बसते. नारळ फुटतो. आणि आबा बजावतात, “वरचं प्लास्टिक काढायचं न्हाय. नवी हाय.” हेच आबांच्या घरी सोफ्याचं आणि टीव्हीच्या रिमोटचंही झालेलं आहे, तेव्हा ड्रायव्हरवर खास अन्याय म्हणता येणार नाही. तो बिचारा बेदाणा भरून दिल्लीला निघतो. त्याच्या विश्रांतीच्या पाळीत दुसरा ड्रायव्हर खंबाटकीत ब्रेक मारतो आणि हा प्लास्टिकवरून घसरत थेट गिअरच्या दांड्यापाशी पोचतो. पुन्हा घोंगडं आलं. आता पाठीसाठी नव्हे, पकडीसाठी.

जुनी गादी टाकून द्यायचा विचार आबांच्या डोक्यातही येत नाही. ती मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत बढतीवर जाते. शेतीची वीज रात्रपाळीला असते त्या आठवड्यात तिथे आबा स्वतः झोपतात. थ्री फेज येते, मोटार सुरू होते, पाणी पाटातून बाहेर फुटून शेजाऱ्याच्या द्राक्षबागेत शिरतं, शेजारी बॅटरी मारत बोंबलत येतो. आबा उठत नाहीत. सकाळी शेजाऱ्यालाच ऐकवतात, “ड्रायव्हरनं गंडवलं राव मला. झ्याक गादी हाय की ही!”