चॉकलेट खा, बारीक व्हा!

जर्मनीतल्या माइन्त्सच्या 'आहार आणि आरोग्य संस्थे'ला इमारत नव्हती, वेबसाइट तेवढी होती. २०१५ साली तिने जाहीर केलं, की कमी कर्बोदकांच्या जेवणासोबत रोज ४२ ग्रॅम कडू चॉकलेट खाल्लं तर वजन १० टक्के जास्त वेगाने उतरतं. 'बिल्ड' या जर्मन दैनिकाने ही खुशखबर पहिल्या पानावर, जर्मनविंग्ज विमान अपघाताच्या बातमीखाली छापली. मग हा बनाव रचणाऱ्या जॉन बोहॅनन या पत्रकाराने स्वतःच भांडं फोडलं: प्रयोग खरा, पण माणसं १५ आणि मोजमापं १८. वजन, कोलेस्टेरॉल, झोप... इतके गळ टाकल्यावर एखादा मासा लागणारच; लागला, त्याचं नाव निष्कर्ष.

लोकांना असं फसवणं गैर, हा आक्षेप रास्तच. पण त्याच पद्धतीने, अगदी सद्भावनेने, निघणाऱ्या निष्कर्षांचं काय? आणि सामान्य माणसाला संख्याशास्त्र कुठून कळावं म्हणाल, तर 'किती जणांवर?' एवढं विचारायला डॉक्टरेट लागत नाही. बोहॅननच्या म्हणण्यानुसार एकाही बातमीत तो आकडा नव्हता. कॅलरी का मोजल्या नाहीत, हे मात्र एका वाचकाने विचारलं. पगार न घेता.