निरोगी म्हातारपण, पाथर्डी पॅटर्न

पुण्यातल्या ज्येष्ठांच्या गृहसंकुलांत न्हाणीघरात धरायला कठडा असतो, उशाशी बेल असते, फिरायला आखीव वाट असते. पाथर्डी तालुक्यानं हे सगळं बिनखर्चात साधलंय. दसरा-दिवाळी उरकली, की उचल घेतलेले ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांकडे निघतात आणि गावात उरतात आजी-आजोबा, नातवंडं नि शेळ्या. व्यायाम? हंडा आहे. आहार? बाजरीची भाकरी, डॉक्टर सांगतात तीच. विरंगुळा? नातवाची शाळा. मदतनीस? ती आजीच.

सरकारही मागे नाही. श्रावणबाळ योजनेत दरमहा १,५०० रुपये. २०२२ पासून पंचाहत्तरी गाठलेल्यांना एसटी फुकट. फक्त पायरी चढता आली पाहिजे, म्हणजे गुडघ्याची तपासणीही आपोआप होते. शिवाय २००७ चा कायदा आहेच: मुलगा सांभाळत नसेल तर प्रांतसाहेबांकडे दावा लावा, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. आता नोटीस बजावायची, तर मुलगा उसाच्या फडात आणि त्याची पोरं दावा लावणाऱ्या आजीच्याच मांडीवर. सांभाळायचं कोणी कोणाला, हे प्रांतसाहेबांनी एकदा गळीत हंगाम संपायच्या आत ठरवून टाकावं!