मुक्त कांदा, बंद बंदर

शेतमालाचा बाजार मोकळा करावा, हे सरकारला तत्त्वतः मान्य असते. अडचण एवढीच की तो मोकळा झाला तर भाव वाढू शकतात.

२०२० साली धाडस झाले. १४ सप्टेंबरला कांद्याची निर्यात बंद केली आणि १५ सप्टेंबरला लोकसभेने कांद्याला जीवनावश्यक वस्तूंच्या जोखडातून सोडवणारे विधेयक मंजूर केले. बेडी काढणारा आणि घालणारा लोहार एकच. हजेरी दोन्ही दिवसांची. ऑक्टोबरात भाव चढताच साठ्यावर मर्यादा आलीच : घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळवाल्याला २.

पुढे २०२३ मध्ये ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान दर, डिसेंबरला सरळ बंदी. लासलगावात लिलाव बंद पडले. भाव कोसळला की तो मागणी-पुरवठ्याचा नियम, आणि चढला की साठेबाजांचे कारस्थान, हे अर्थशास्त्र दिल्लीत पक्के आहे. कांदा रस्त्यावर ओतायची वेळ येते तेव्हा मात्र अधिसूचना काढणारे टेबल रिकामे असते.

एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची सवलत मिळाली. नाशिकचा लाल कांदा रंगानेच मार खाऊन गेला म्हणायचा.

मग ४ मे रोजी बंदी उठली. शुल्क मात्र ४० टक्के, किमान दर ५५० डॉलर. नाशिक आणि दिंडोरीत लोकसभेचे मतदान २० मेला होते.